ऑक्टोबरातला चमत्कार

भाऊबीज उलटली तरी अकोल्याच्या बाजारात भगवंतरावांच्या खेळण्यांच्या दुकानापुढची गर्दी हटेना. लोक फळा वाचत होते: 'कॅरम बोर्ड. ऑक्टोबर १९५८ : ९. ऑक्टोबर १९५९ : ८४. कवडीबाबांची कृपा.'

घटस्थापनेला बाबांनी तिथल्या सोंगट्यांवर फुंकर मारली होती. आता ते गादीवर रेलून सांगत होते, "आकडा झूठ नाही बोलत, बेटा. आकडा म्हणजे देवाची सही. आणि सही हमने करवाई."

समोरच्या दुकानात देवराव जळत होता. कॅरम, सापशिडी, पत्ते तोही विकायचा. पण समोरून कोणी पुडकं घेऊन निघालं की हा हातातलं गिऱ्हाईक सोडून मान उंचावायचा: कॅरम नेला की नुसते पत्ते?

शेवटी त्यानं नारळ नेऊन बाबांचे पाय धरले. बाबांनी रस्त्यापलीकडे नजर टाकली.

"गल्ल्यावर विधवा बसवून लक्ष्मी बोलावतो? पहिले तिला काढ. मग फुंकतो."

ती विधवा म्हणजे देवरावाची थोरली बहीण, चतुराबाई. नवरा गेल्यावर अंजनगावात दिराच्या घरी ती उष्टी काढत होती. सहा वर्षांपूर्वी देवरावानंच तिला इकडे आणलं होतं.

तो परत आला आणि तिच्याकडे न पाहता म्हणाला, "आक्का, थोडे दिवस अंजनगावले जाऊन ये."

"थोडे म्हणजे किती?"

देवराव पत्त्यांचे जोड रचू लागला.

"बाबानं सांगतलं ना? आयकू आलं मले. रस्ता काही लय रुंद नाही."

"त्यानं पंचाहत्तर कॅरम जास्ती विकले, आक्का. मी काय पाहतच राहू?"

"आन् आपण किती विकले?"

देवरावाला सांगता येईना. भगवंतरावाचा आकडा त्याला तोंडपाठ होता. स्वतःचा ठाऊक नव्हता.

चतुराबाईनं वही ओढली. विक्रीकराच्या कचेरीला लागते म्हणून ती इंग्रजी महिन्यानं लिहिलेली होती.

"ऑक्टोबर. मागल्या साली अकरा. औंदा एक्याऐंशी. आपल्या इथं कोण फुंकलं, देवराव?"

त्यानं वही हिसकून घेतली. आकडे तेच होते.

"मागल्या साली अधिक श्रावण होता," ती म्हणाली. "दिवाळी गेली नोव्हेंबरात. लक्ष्मीपूजन दहा तारखेले. औंदा एकतीस ऑक्टोबरले. दसऱ्यापासून भाऊबिजेपरेंत मोज. तवा ऐंशी, औंदा ब्याऐंशी."

वही घेऊन ती रस्ता ओलांडून गेली. देवराव मागून.

"भगवंतरावजी, मागल्या नोव्हेंबरात किती कॅरम गेले?"

"ते काहून पायजे?"

"दिवाळी त्यात होती म्हणून."

भगवंतरावांनी ते पान आजवर उलटलं नव्हतं. मनासारखा आकडा हाती आल्यावर कोण उलटतो? गर्दीसमोर उलटावं लागलं. "शहात्तर," ते पुटपुटले. "ऑक्टोबरातले नऊ धरून पंच्याऐंशी. औंदा चौऱ्याऐंशी," चतुराबाई म्हणाली.

गर्दीत तेल्हाऱ्याचे बुधाजी होते. "आमच्या गावात तीन सालाआधी याच बाबाचा असाच फळा लागला होता," ते म्हणाले. "त्याच्या आधल्या सालीबी अधिक मास होता. दुसऱ्या साली बोलावलं, तर बाबा हिमालयात गेले म्हणे."

"श्रद्धा से गिनो," बाबा म्हणाले.

"कशानंबी गिना महाराज, सालात दिवाळी एकच येते," चतुराबाई म्हणाली.

लोक हसले. बाबा कमंडलू शोधू लागले.

भगवंतरावांचं उतरलेलं तोंड पाहून देवरावाला आधी गुदगुल्याच झाल्या. तेवढ्यात बहिणीनं विचारलं, "अंजनगावची गाडी कितीले हाय?"

"आक्का, तू गल्ल्यावर बस."

"बसतो. पण तू आज बाबाचं आयकलं ते मी इसरणार नाही."

देवरावानं तिच्या हातातली वही घेतली आणि तिच्या मागून रस्ता ओलांडला.

वही इंग्रजी महिन्यानं चालते, सण तिथीनं येतो. बाबाची सारी सिद्धी त्या फरकात होती. उद्या कोणी आकडा दाखवून चमत्कार सांगितला, तर तो कशाशी ताडून पाहिला एवढं विचारा. आणि ते घरच्या माणसाला गाडीत बसवायच्या आधी विचारा.