‘दीडशहाण्याचा संसार’मधलं एक नाव

आसेगावच्या यात्रेत ‘दीडशहाण्याचा संसार’ हे नाटक दरवर्षी होतं. यंदा लाऊडस्पीकरची कटकट नको म्हणून ते भरदुपारी ठेवलं, आणि प्रयोगाआधी मंडळाचा अध्यक्ष देवानंद नाटकाचा इतिहास सांगायला उभा राहिला. इतिहास कसला! कोणत्या साली कोणता पुढारी हार घालून गेला, एवढंच. पहिल्या प्रयोगात बायकोचं काम पुंजाजीनं केलं आणि मिशी काढायला साफ नकार दिला, हे गाळलं. पोहरादेवीच्या प्रयोगात वर जाणारा पडदा नायकाचं धोतरही सोबत घेऊन गेला, हेही गाळलं.

तो नायक म्हणजे जगदेव. आता म्हातारा, सत्काराची शाल मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसलेला. माझं नुसतं धोतर गेलं, या देवानंदची तर लाजच गेली, असं त्याला वाटत होतं.

पुंजाजीनंतर ते काम जगदेवच्याच बायकोनं, विजयमालानं केलं. कारंजा गावच्या प्रयोगात ती अडखळली. नवऱ्याचं नाटकातलं नाव दिगंबरराव. ते काही आठवेना, आणि उखाण्याशिवाय जे कधी घेतलं नव्हतं तेच तोंडातून गेलं, "जगदेव, आंधी पाय धुवा, मंग गावाले शानपन शिकवा!"

बाईनं भरमांडवात नवऱ्याला नावानं हाक मारली! लोक हसून लोळले. ती जीभ चावून उभी. तेव्हापासून काम कोणीही करो, त्या जागी नाव जगदेवच. घरी मात्र तिनं ते पुन्हा कधी घेतलं नाही. मागच्या दिवाळीत ती गेली.

आज सकाळीच देवानंद जगदेवच्या घरी आला होता.

"काका, यंदा थे नाव काढलं. नाटक स्पर्धेले पाठवाचं हाय. दिग्दर्शक म्हन्ते, चूक हाय थे."

"चूकच हाय. तुह्या अख्ख्या नाटकात तेवढीच बरी हाय. राहू दे."

"तुमचा सत्कार करून राह्यलो ना आमी!"

"शाल हाक मारनार हाय काय मले?"

दुसऱ्या अंकात यंदा बायकोचं काम करणाऱ्या रंजीतानं ते वाक्य म्हटलं, "दिगंबरराव, आंधी पाय धुवा..." अगदी बरोबर म्हटलं. कोणी हसलं नाही. जगदेव शाल खुर्चीवर टाकून उठला.

बायकांतून म्हातारी भागिरथा ओरडली, "नाव चुकलं व पोरी! पुन्हा घे!"

"चालू द्या, चालू द्या!" देवानंद विंगेतून हात नाचवू लागला.

"तू गप रे! काहून मधात बोलतं? तुही माय बी याच नावाले हसे!"

रंजीतानं विंगेकडे पाहिलं, मग उभ्या जगदेवकडे. डोक्यावर पदर घेतला.

"जगदेव, आंधी पाय धुवा!"

मांडव पुन्हा हसून लोळला. जगदेव हसला नाही. तो तसाच घरी निघाला. विजयमाला गेल्यापासून तो धुळीच्या पायांनीच घरात शिरायचा. आज दाराशी रांजणापाशी थांबला आणि दोन्ही पाय चोळून धुतले.