तीन नंबरचं कुलूप

धरणाखालच्या पॉवरहाउसमध्ये मशीनच्या पोटात शिरण्याआधी प्रत्येक जण मुख्य स्विचला स्वतःचं कुलूप घालतो आणि किल्ली खिशात ठेवतो. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, आणि काढताना मोठ्याने सांगायचं, "मी बाहेर आलो." कुलूप लटकतंय तोवर माणूस आत आहे असंच धरायचं. हे सगळं मला यांनीच सांगितलेलं. जेवताना दुसरा विषय असायचा कुठे!

तीन नंबरच्या जनरेटरमध्ये वाइंडिंगच्या, म्हणजे तारांच्या वेटोळ्यांच्या, आत बारीक ठिणग्या उडत होत्या. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, स्क्रीनवर नुसती रेघ उसळते. हे रोज त्या रेघेवर नजर ठेवून असायचे. मशीन बंद करा म्हणून मागे लागले तेव्हा फोरमन यांना चेष्टेने म्हणाला होता, "डॉक्टर, तुम्ही धडधाकट माणसालाही खाटेवर झोपवाल!" तेव्हापासून यांचं नावच डॉक्टर पडलं. पण उघडल्यावर एक कॉइल, त्यातलंच एक वेटोळं, आतून काळी पडलेली निघाली.

नवी कॉइल बसवण्याचं काम चालू असतानाच, परत आत जायचंय म्हणून कुलूप तसंच ठेवून, हे दुपारी जेवायला घरी आले, हात धुता धुता खाली बसले, आणि संपलंच सगळं. दवाखान्यातून घड्याळ, चष्मा आणि ती किल्ली माझ्या हाती आली.

काम पुरं झालं. सगळ्यांची कुलपं निघाली, यांचं राहिलं. फोरमन घरी आला.

"वहिनी, कापायला साहेबांची परवानगी आहे. पण कटर धरायला कुणाचा हात पुढे येईना. मी दोनदा उचलला न् ठेवला. किल्ली तुमच्याकडे आहे ना?"

"मग राहू दे लटकलेलं."

"अहो, मग मशीन सुरू कसं होणार?"

"न होईना. माझं काय जातंय?"

असं माझ्या तोंडून कधी निघत नाही. लेक आतून आली. "आई, बाबा तिथे नाहीयेत गं."

ठाऊक होतंच की. पण ते कुलूप होतं तोवर, हे कामावर आहेत असं धरणारी एक तरी जागा जगात होती.

फोरमन उठला. दारात थांबून म्हणाला, "डॉक्टरांचं निदान बरोबर निघालं, वहिनी. औषध लागू पडलं का, ते मात्र मशीन फिरल्याशिवाय कळायचं नाही. तेच बघायचं होतं त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना आटोपून किल्ली घेऊन मीच गेले.

स्विचपाशी सगळे उभे होते. फोरमनने वाकून आत हाक दिली, "आत कोण आहे का?" आणि नियमाप्रमाणे थांबला. मीही वेड्यासारखी कान देऊन थांबले. मग किल्ली फिरवली. आता बोलायचं होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हे... हे बाहेर आले," मी म्हटलं.

मशीन फिरू लागलं. फरशी थरथरली. मला स्क्रीनसमोर बसवलं, तर रेघ उसळलेलीच! मी फोरमनकडे पाहिलं.

"घाबरू नका. बंद राहून ओल धरलीय. तापलं की बसेल."

मी बसून राहिले. रेघ हळूहळू उतरली, मग जवळजवळ सपाट झाली.

"गुण आला, डॉक्टर!" फोरमनने टाळीसाठी शेजारी हात पुढे केला. तिथे कुणीच नव्हतं. त्याने हात मागे घेतला आणि खिशात घातला.

मला आता तिथे बसून राहायला काही कारण उरलं नव्हतं.