ऱ्हस्व मेहरुण

आमच्या पाणीवाटप मंडळाकरिता 'मेहरूण' नावाच्या फाईलमधील घरे वाचून पाळ्यांची यादी काढणारा प्रोग्रॅम मी स्कीम या संगणकभाषेत स्वतः रचिला. परंतु ज्या दिवशी अध्यक्ष पंडितआबा तो स्वीकारणार वा फेटाळणार होते, त्याच दिवशी तो "फाईल नाही" असे सांगून थांबला.

"नाना, सातवी शिकलेल्यानं हे उद्योग करू नयेत. लायब्ररीच बिघडवली तुम्ही," मंडळाच्या फाईली तयार करणारा पदवीधर योगेंद्र हसला.

त्याच्या शब्दावर मी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा तयार आज्ञांचा संच, दोनदा नव्याने बसविली. व्यर्थ! अखेर प्रोग्रॅम यंत्राकडे नेमके काय मागतो, हे पाहण्यासाठी मी त्याचे सिस्टिम कॉल एकेक तपासले. तेथे अक्षरे आकड्यांच्या रूपात दिसतात; मागितलेले नाव व ठेवलेले नाव यांत एकच आकडा भिन्न निघाला. फाईल करताना योगेंद्राने ऱ्हस्व 'मेहरुण' लिहिले होते!

"एवढ्याशा उकारासाठी भांडता?"

"पदवीधराने स्वतःच्या वस्तीचे नाव चुकवावे?"

प्रोग्रॅम स्वीकारत आबा अहिराणीत म्हणाले, "योग्या, चूक तुनी शे. नाव सुधार. नानाना प्रोग्रॅम ऱ्हाई."

यादी तत्क्षणी निघाली. योगेंद्र मात्र अद्याप सर्वांस सांगत फिरतो, की लायब्ररी त्याने दुरुस्त केली!