भोंगा कापलेला अलार्म

मी एक जुना अलार्म आहे. अलार्म म्हटल्याबरोबर तुम्ही कानांवर हात ठेवले असतील, तर ते काढा. मी आता ओरडत नाही. आणि खरं सांगायचं तर ओरडतो तो भोंगा. लोकांचा इथेच घोळ होतो. भोंगा हे माझं तोंड. मी म्हणजे गाडीच्या स्टिअरिंगखाली, वायरींच्या गुंत्यात बसवलेली काळी डबी. तोंड वेगळं आणि डोकं वेगळं, हे माणसांना स्वतःच्या बाबतीत बरोबर कळतं. माझ्या बाबतीत कळलं नाही, आणि त्यापायी एका बापाचे रविवार गेले. ती हकिकत सांगतो. ती सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या. एकीनं माझ्या पोटात चिप बसवली, दुसरीनं वायरींना डाग दिला, तिसरी नुसती तपासायची. तिनं मला वीज जोडली तेव्हा मी असा काही किंचाळलो, की तिच्या हातातला चहा सांडला. "घसा चांगलाय मेल्याचा," असं म्हणून तिनं माझ्यावर शिक्का मारला. माझं पहिलं कौतुक ते.

मला दोन कामं शिकवली होती. कुणी दार, डिकी किंवा बॉनेट विनापरवाना उघडलं की भोंगा वाजवायचा, हे पहिलं. आणि इंजिनाला पेट्रोल जाऊ द्यायचं नाही, हे दुसरं. या दुसऱ्या कामाला इमोबिलायझर म्हणतात. नाव जिभेला जड आहे, काम सोपं आहे. किल्ली फिरवा, इंजिन खर्र खर्र करेल, पण पेटणार नाही. आता बॉनेट उघडं की बंद, हे मला कोण सांगणार? त्यासाठी बॉनेटच्या पुढच्या कोपऱ्यात एक लहानशी खटक्याची कळ होती. ती सांगेल ते मी खरं मानायचो. स्टिअरिंगखालून मला बॉनेट दिसत नाही, मित्रांनो. ऐकीव माहितीवरच माझी सगळी नोकरी.

मला ज्या गाडीत बसवलं, तिचे मालक फोटोंच्या चौकटी करायचे. डिकीत कायम लाकडाच्या पट्ट्या, काचा आणि भुसा. त्यांची मुलगी मागच्या सीटवर बसून सतत गुणगुणायची, म्हणून ते तिला भुंगी म्हणायचे. ती त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. एकदा बाजारात कुणीतरी गाडीच्या दारात पट्टी घालून ते उघडायला बघत होता. मी बोंब ठोकली आणि तो पट्टी तिथेच टाकून पळाला. बाबांनी डॅशबोर्डवर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास रे." भुंगीनं माझं नाव भोकाड्या ठेवलं. दार लावताना ती मला बजावायची, "भोकाड्या, लक्ष ठेव." मी ठेवायचो. त्या दिवसांत माझी छाती फुगलेली असायची.

पुढे भुंगीच्या आईबाबांचं बिनसलं. भांडण मी ऐकलं नाही. गाडीत तर ते दोघं फार जपून बोलायचे, आणि तेच जास्त वाईट होतं. एके दिवशी आई भुंगीला घेऊन नदीपलीकडे मामाकडे राहायला गेली. ठरलं असं, की रविवारी सकाळी बाबांनी भुंगीला घेऊन जायचं आणि संध्याकाळी सोडायचं. आईनं एकच अट घातली. गाडीच्या काचेतून वाकून तिनं सांगितलं, "ये, पण वेळेवर ये. पोरीला पायरीवर वाट बघत बसवायचं नाही. ते मी चालवून घेणार नाही."

"नाही बसवणार," बाबा म्हणाले.

तेव्हापासून बाबा रविवारी उठले की आधी गाडी धुवायला घ्यायचे. एरवी गाडीला पाणी लागत नसे. पण लेकीला न्यायचं म्हणजे गाडी कशी लख्ख पाहिजे. बादलीभर पाणी बॉनेटवर ओतायचे, चाकं घासायचे, आतला भुसा झटकायचे आणि शीळ घालायचे. आणि त्या कोपऱ्यातल्या कळीचं रबर तोवर विरलं होतं. पाणी आत शिरलं की ती मला सांगायची, बॉनेट उघडलं. मग मी काय करणार? ओरडलो. जीव तोडून ओरडलो, आणि पेट्रोलही अडवलं. ऊन लागून कळ वाळली की ती म्हणायची, बंद झालं हं बॉनेट. मग मी गप्प बसायचो आणि गाडी चालू व्हायची. बाबांना थोडा उशीर व्हायचा, पण ते फोनवर सांगायचे, "अलार्म बिघडलाय गं, आलोच." आई हसायची. मागे भोंगाच वाजत असायचा, खोटं कसं म्हणणार?

पण शेजाऱ्यांना रविवारीच झोपायचं असतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर खाली येऊन म्हणाले, "अहो, याचं तोंड बंद करा हो काहीतरी. लांडगा आला रे आला किती वेळा ऐकायचं?" मला राग आला. त्या गोष्टीतला पोरगा खोटारडा होता. मी एकदाही खोटं बोललो नव्हतो. मला जे कळलं तेच मी सांगत होतो.

बाबांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो आडवा होऊन स्टिअरिंगखाली शिरला आणि त्यानं एक प्रश्न विचारला. माझं सगळं आयुष्य त्या प्रश्नावर फिरलं, मित्रांनो. त्यानं विचारलं, "आवाज बंद करायचा, का अलार्म बंद करायचा?"

बाबा घाईत होते. दुकानात गिऱ्हाईक थांबलेलं. ते म्हणाले, "दोन्ही एकच की. वाजायचं थांबलं पाहिजे, बस."

झालं. त्यानं भोंग्याची वायर कापली, भोंगा काढून घेतला आणि डॅशबोर्डवरचा माझा लाल दिवा दाखवून म्हणाला, "हा लुकलुकेल अधूनमधून. लक्ष नका देऊ." बाबांनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. मास्तरांनी वरून हात केला. सगळे खूश. आणखी दोनचार रविवार मला ओरडू दिलं असतं, तर पाणी पडलं की हा बोंबलतो, एवढं बाबांच्या ध्यानात आलं असतं. हात कुशल होते त्यांचे, डोकंही होतं. पण कापलेल्या वायरीतून काय ध्यानात येणार?

पुढच्या रविवारी त्यांनी गाडी धुतली, किल्ली फिरवली. खर्र खर्र. पुन्हा फिरवली. खर्र खर्र. मी आतून जिवाच्या आकांतानं भोंग्याला हुकूम सोडत होतो, पण भोंगाच नव्हता. बाबांच्या मते अलार्म तर गेला होता. म्हणजे दुखणं दुसरंच काहीतरी. त्यांनी बॅटरी बदलली. मग प्लग बदलले. मग पेट्रोलचा पंप. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. सोमवारी गाडी गॅरेजमध्ये न्यावी, तर ती तोवर वाळून एका किल्लीत चालू. मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "काही झालेलं नाही हो गाडीला. रविवारची सुट्टी घेत असेल."

तो थट्टा करत होता. पण तीच थट्टा नदीपलीकडे पोचली. नदीपलीकडे जायला दोन बस लागायच्या, आणि रविवारी त्या रमतगमत यायच्या. बाबा पोचेपर्यंत दुपार व्हायची. निघण्याआधी ते गाडीत बसून फोन करायचे, आणि मला सगळं ऐकू यायचं.

मामा म्हणायचा, "काय भावजी, गाडी नाही ना सुरू झाली?"

आई म्हणायची, "आठवडाभर त्याच गाडीनं दुकानात जातोस. रविवारीच कशी बंद पडते रे? यायचं नसेल तर तसं सांग."

आणि भुंगी म्हणायची, "बाबा, मी बूट घालून बसलेय."

हे शेवटचं मला ऐकवत नसे. पण ज्याला कान आहेत आणि तोंड नाही, त्यानं करायचं काय? गाडी वाळायची, पण तोवर बाबा बसस्टॉपवर पोचलेले असायचे.

तरी एक दिवस असा येईल असं मला वाटत होतं, की सगळं मार्गी लागेल. भुंगीचं एक चित्र प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. बाबांनी त्याला स्वतःच्या हातानं चौकट केली. लाकूड तीनतीनदा बदललं. रविवारी सकाळी भुंगीला आणि चौकटीला घेऊन सभागृहात पोचायचं होतं. त्या दिवशी बाबांनी गाडी इतकी धुतली, इतकी धुतली, की मी मनात म्हटलं, संपलं. खर्र खर्र. ते उतरले, चौकट चादरीत गुंडाळून काखेत मारली आणि पळत सुटले. संध्याकाळी परत आले ते चौकट घेऊनच. गाडीत येऊन बसले. चौकट शेजारच्या सीटवर ठेवली. सभागृहाचं दार त्यांच्यासमोर बंद झालं होतं, हे मला त्यांच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं.

मग भुंगीचा फोन आला. ती अगदी समजुतीनं बोलली. "बाबा, आता रविवारी नको येत जाऊस. मला मैत्रिणींकडे जायचं असतं." बाबा म्हणाले, "बरं." मुलगी बापाला सांभाळून घेत होती. तिनं रागावून फोन आपटला असता तर परवडलं असतं.

त्यानंतर बाबांनी गाडीपुढे हात टेकले. भंगारात द्यायचं ठरवलं. भुंगीला कळवलं, तर ती म्हणाली, "मी येते शेवटचं बघायला." ती स्वतःहून येतेय म्हटल्यावर बाबांनी काय केलं असेल? बरोबर. बादली घेतली.

मामा तिला सोडून गेला. ती उंच झाली होती आणि गुणगुणत नव्हती. बाबांनी तिच्यासमोर किल्ली फिरवली. खर्र खर्र. पुन्हा. खर्र खर्र. ती हळूच म्हणाली, "खरंच नाही होत रे सुरू."

 बाबा नाक शिंकरायला खाली उतरले.

भंगारवाल्याच्या टेम्पोला दोर बांधून गाडी ओढत न्यायची होती. स्टिअरिंग धरायला बाबा बसले, शेजारी भुंगी. इंजिन बंद, काचा खाली, आणि दोघंच. ती त्यांना शाळेतलं सांगत होती. ते विचारत होते, "मग? मग ती काय म्हणाली?" एकदा तर ती खळखळून हसली. "पुढच्या रविवारी बसनंच ये की," ती म्हणाली, "मी थांबेन." इतका चांगला प्रवास आमच्या गाडीनं चालू असताना कधी केला नव्हता.

पण वर ऊन होतं, मित्रांनो. वारा बॉनेटखालून वाहत होता. आणि मला कळत होतं, की ती कळ वाळते आहे. आयुष्यभर मी म्हणत आलो, मला दुरुस्त करा. त्या रस्त्यावर पहिल्यांदा वाटलं, आपण बिघडलेलेच राहावं. निदान आजचा दिवस. कोपऱ्यातून निरोप आला, बंद झालं हं बॉनेट. मी नाइलाजानं पेट्रोलचा रस्ता मोकळा केला. मला तेवढंच करता येतं.

भंगारवाल्यानं आवारात दोर सोडला. बाबा उतरल्यावर तो आत बसला आणि त्यानं सवयीनं किल्ली फिरवली. एका झटक्यात इंजिन चालू झालं. तो हसला. "काय साहेब, चालू गाडी मोडीत काढता?"

भुंगीनं बाबांकडे बघितलं. "बाबा, होते की सुरू."

"अगं, आत्ता सकाळी तुझ्यासमोर..." बाबा म्हणाले.

"हो," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "सकाळी तू मुद्दाम केलंस का रे?"

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून हलवली, पण ती पुढे फाटकाकडे निघाली होती. तिनं मामाला फोन लावला.

मी आता एका खोक्यात पडलोय, तुटक्या वायरींबरोबर. मला वापरायला कुणी नेणार नाही, आणि नेलं तरी काही बदलणार नाही. तुमच्या आसपास कुणी एकसारखं ओरडत असेल, मग ते यंत्र असो की माणूस, तर त्याचा आवाज कापू नका. कुठे दुखतंय ते आधी बघा. आणि एक काम माझं करा. कधी कुठे भुंगी भेटली, तर तिला एवढंच सांगा, की गाडी रविवारीच बंद पडायची, कारण तिचे बाबा रविवारीच ती धुवायचे.