ससाण्याला कुठली संकष्टी

घरात झुरळ निघालं तर बायकोला हाक मारणारी ही माणसं शुक्रवारी सकाळी वाळवंटात शिकारीला निघाली होती. त्यांच्या मागोमाग गाडी चालवताना उल्काला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

शेजारी तिचा नवरा नीलेश गप्प बसला होता. दोन महिने तो असाच होता. आखातातल्या मीना अब्दुल्ला बंदराच्या रिफायनरीतला त्याचा जोडीदार शत्रुघ्न कॅन्टीनमध्ये त्याच्यासमोर जेवता जेवता कोसळला आणि गेला. त्याची बायको-मुलं नाशिकला. त्यामुळे शवागारापासून विमानतळाच्या कार्गोपर्यंत सगळं नीलेशनेच निस्तरलं. तेव्हा तो रडला नाही, नंतरही नाही, फक्त त्याचं बोलणं आटलं. "बाबा, आर यू मॅड ॲट मी?" असं लेकीने, ओवीने, त्याला विचारलं. त्या दिवशी उल्काने अक्कल गहाण ठेवली आणि प्रसन्नच्या शिबिरात दोघांची नावं घातली.

हा प्रसन्न गेल्या वर्षापर्यंत शहरात, हवल्ली भागात मॉड्युलर किचन विकत होता. आता तो मनं दुरुस्त करतो. त्याच्या शिबिराचं नाव 'मृगया साधना'. माणूस मुळात शिकारी, शिकार सुटली आणि डिप्रेशन आलं, हे त्याचं तत्त्वज्ञान. स्वतः मात्र तो बंदुकीच्या आवाजाला घाबरतो, म्हणून शिकारीला भाड्याचा ससाणा. सोबत ससाण्याचा मालक, एक म्हातारा बदू, म्हणजे वाळवंटातला भटका अरब, तंबूच्या सावलीत मोबाइल बघत बसलेला. आणि बाजारातून आणलेली कबुतरं, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत. प्रत्येकाने आपल्या कबुतराला आपल्या दुःखाचं नाव द्यायचं, कुंकू लावायचं आणि सोडायचं. ससाणा झडप घालणार, की तुम्ही मोकळे.

"अगंबाई, आज संकष्टी!" प्रभा एकदम ओरडली. ही बँकेतल्या जगन्नाथची बायको. सगळे चपापले. साबुदाण्याच्या खिचडीचे डबे प्रत्येकीने आणले होते, पण जिवाची हत्या करायला आपण निघालोय, हे तोवर एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

प्रसन्न क्षणभरच गडबडला. "वहिनी, आपण कुठे मारतोय? ससाणा मारणार. ससाण्याला कुठली संकष्टी?"

यावर माना डोलल्या! इंजिनिअर, अकाउंटंट, एक तर एमबीए. उल्काला त्या प्रत्येकाची कीव करायचीही इच्छा उरली नाही.

पहिला नंबर जगन्नाथचा. त्याने कबुतराचं नाव ठेवलं 'मॅनेजर'. बदूने ससाण्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली, कबुतर जेमतेम वर गेलं आणि हवेतच संपलं. टाळ्या पडल्या. पिसं भिरभिरत खाली आली, दोन प्रभाच्या खिचडीत पडली. जगन्नाथ म्हणाला, "एकदम हलकं वाटतंय." रविवारी बँक उघडली की त्याच मॅनेजरपुढे हा माणूस लोणी लावत उभा राहणार, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

"नीलेशसर, आता तुम्ही. नाव मोठ्याने."

नीलेशने खोकं मांडीवर घेतलं. झाकण उघडून आत बघितलं.

"शत्रुघ्न," तो म्हणाला.

प्रसन्नचा चेहरा खुलला, त्याने लगेच मोबाइल व्हिडिओला लावला. "व्वा! आता लेट गो, सर. सोडून द्या त्याला."

नीलेशने झाकण लावलं. "नाही."

"सर, प्रोसेस अर्धवट राहील..."

"एकदा खोक्यात घालून पाठवलाय मी त्याला. पुन्हा नाही पाठवणार."

तो उठला आणि खोकं छातीशी धरून गाडीकडे चालू लागला. प्रसन्न उल्काकडे वळला. "वहिनी, समजवा ना त्यांना. हेच तर धरून ठेवलंय त्यांनी."

"तू किचनंच विकायला हवी होतीस रे," उल्का म्हणाली. "त्यात निदान कुणाचा जीव जात नव्हता."

बोलून बरं वाटलं, पण ते बरं वाटणं गाडीपर्यंतही टिकलं नाही. दोन महिने तीसुद्धा नवऱ्याला हेच सांगत आली होती. सोड आता, विसर, पुढे बघ.

हायवेला लागले तोच तिचा फोन वाजला. शिबिराच्या ग्रुपवर नीलेशचा व्हिडिओ आला होता, 'नाही'च्या आधीच कापलेला. खाली प्रसन्नने लिहिलं होतं: नीलेशसरांना मुक्तीचा पहिला अनुभव! त्यावर हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग लागली होती. तिने कडेला गाडी थांबवली आणि ग्रुप सोडला.

खोक्यात कबुतर पंख आपटत होतं. नीलेशने एका भोकावर बोट ठेवलं, आतून चोच लागली तसं काढलं.

"त्या पेटीला भोकं नव्हती गं, उल्का," तो म्हणाला. आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा तो रडला.

उल्काने त्याला गप्प केलं नाही.