भावोजींचं तत्त्व

बँकेतल्या मुलीने आवाज खाली आणला, दवाखान्यात आणतात तसा. "मॅडम, तुमचा क्रेडिट स्कोअर एकदम घसरलाय. हे कर्ज आत्ता मंजूर होणार नाही."

मी सोफ्यांची, खुर्च्यांची, गाडीच्या सीटांची कव्हरं शिवते. ज्या खोलीत शिवते, ती खोली मालकीणबाईंनी विकायला काढली होती. माझ्यावर जीव म्हणून त्यांनी आधी मला विचारलं, पण दोन महिन्यांच्या आत पैसे हवेत म्हणाल्या. त्यांच्याकडे मोबाइलच्या दुकानासाठी खोली हवी असलेला एकजण रोख घेऊन उभाच होता. खोली गेली असती, तर जाड कापडाचं मशीन आणि कापायचं टेबल घेऊन मी जाणार कुठे?

"मी आजवर एक हप्ता चुकवलेला नाही," मी म्हटलं.

"तुमचे नाहीत. गाडीच्या कर्जाचे तीन थकलेत. तुम्ही सहकर्जदार आहात ना?"

गाडी माझ्या भावोजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची. त्यांचा स्वतःचा स्कोअर त्यांच्या तत्त्वांनी कधीच खाल्ला होता, म्हणून सही माझी लागली. "नुसती औपचारिकता गं," असं म्हणाले होते. ताई मागे उभी होती. तिच्याकडे बघून मी सही केली. त्यांच्याकडे बघून कुणीच केली नसती.

त्याच आठवड्यात त्यांच्या गाडीच्या सीट माझ्या टेबलावर होत्या. नव्याकोऱ्या गाडीचं कापड त्यांना 'चारचौघांसारखं' वाटत होतं. गॅरेजवाल्याने सीट काढून आणून दिल्या होत्या. शिलाई फुकट, हे सांगायला नकोच.

"भावोजी, हप्ते थकलेत," मी फोनवर म्हटलं.

"थकले नाहीत, थांबवलेत. एसी गार करत नाही. शोरूमवाला दाद देत नाही. त्याला धडा नको शिकवायला?"

"शोरूमवाल्याचे पैसे त्याला पहिल्याच दिवशी मिळाले. हप्ता बँकेला जातो."

"आतून सगळे एकच असतात. आणि स्कोअर म्हणजे काय, एक आकडा. आकड्याला घाबरतेस?"

हा माणूस पाण्यात पडला तरी हातपाय मारणार नाही. पाणी थंड का, याची तक्रार कुठे करायची ते आधी विचारेल.

मी पुन्हा बँकेत गेले. मुलीने नीट समजावलं. थकबाकी पूर्ण भरायची, सगळं भरल्याचं पत्र घ्यायचं, आणि पुढच्या महिन्यात रिपोर्टमध्ये नोंद बदलली का ते बघायचं. उशिराचे डाग लगेच पुसले जात नाहीत, पण आकडा हळूहळू चढतो. "तडजोड मात्र करू देऊ नका," ती म्हणाली. "कमी भरून मिटवलं, अशी नोंद राहते. ती थकबाकीइतकीच वाईट."

भावोजींनी नेमकं तेच काढलं. दुकानात येऊन खुर्चीत रेलून म्हणाले, "बँकेशी बोलतो. निम्म्यात मिटवतो. मला जमतं ते."

"पूर्ण भरायचे."

"बघू. सीट कधी देतेस?"

"शिवून झाल्या की."

"आणि शिवून कधी होतील?"

"हप्ते भरले की."

ते सावकाश उठले. "हे ब्लॅकमेल झालं."

"छे हो. तत्त्व."

पुढे काय झालं ते गॅरेजवाल्याकडून कळलं. गाडीत प्लास्टिकचं स्टूल ठेवून चालवायचा त्यांचा बेत होता. पहिल्याच वळणावर स्टूल एकीकडे आणि तत्त्व दुसरीकडे गेलं. गाडी ढकलत परत आणली.

मग ताई आली. मला वाटलं, नवऱ्यासाठी रदबदली करायला आली असेल. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली, चपला काढल्या, पाय वर घेतले. नवं कव्हर हाताने चाचपून बघितलं.

"छान केलंयस गं."

"ताई, तुझी अडचण होतेय का?"

"माझी कसली? मी कधी बसलेय त्या गाडीत? एसीचं भाषण ऐकावं लागतं." थोडा वेळ डोळे मिटून पडली. "घाई करू नकोस. चालत जातात हल्ली. घरी येतात ते दमून, बोलायला ताकद उरत नाही."

आणि ती खळखळून हसली. अशी हसताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. खोलीची मुदत नसती, तर खरंच सीट ठेवून घेतल्या असत्या.

दुसऱ्या आठवड्यात पूर्ण भरल्याची पावती आणि बँकेचं पत्र टेबलावर आपटून भावोजी सीट घेऊन गेले. आकडा थोडाच चढला. ते पत्र जोडल्यावर माझं कर्ज मंजूर झालं, पण व्याज वाढीव लागलं. मुदत संपायच्या आत खोली माझ्या नावावर झाली. वाढीव व्याज मी शिलाईच्या बिलात लावलं. फुकटच्या शिलाईचं बिल बघून भावोजी म्हणाले, हे कुठल्या नियमात बसतं? मी म्हटलं, सीटवर बसतं.

त्यांचं कर्ज फिटेपर्यंत माझं नाव काही निघत नाही. म्हणून हप्त्याच्या आदल्या दिवशी मी फोन करते.

"भावोजी, सीट बरी आहे ना?"

"आहे."

"गॅरेजवाला विचारत होता. काढायला चारच तर बोल्ट असतात, म्हणाला."

ते फोन ठेवतात. थोड्या वेळाने हप्ता भरल्याचा मेसेज येतो. एसी अजूनही गार करत नाही.