अर्ध्या मिनिटाचा चमत्कार

महाराज दहाला येणार होते. पावणेअकरा झाले तरी स्टेजवरचा जांभळा मखमली पडदा हललासुद्धा नव्हता. उर्से गावाबाहेरच्या त्या मांडवात पाचसहाशे माणसं खेटून बसली होती. पोरं किरकिरत होती, बाया पदराने वारा घेत होत्या, आणि माइकवरचा सेवक दर पाच मिनिटांनी तेच सांगत होता.

"आज महाराज प्रकट होतील का, हे खुद्द महाराजांनाही ठाऊक नाही! मागच्या रविवारी भक्त तीन तास बसले आणि तसेच परत गेले. तुमची पुण्याई असेल तर पडदा उघडेल. नसेल तर आत्ताच घरी जा!"

घरी कुणीच गेलं नाही. उलट सगळे वीतभर पुढे सरकले. मीही सरकलो, हे कबूल करतो.

मी निलेश. सोमाटण्याला माझं औषधांचं दुकान आहे. त्या मांडवात मी भक्त म्हणून गेलो नव्हतो. आमच्या गावातल्या भामाबाईंची नात मानसी, वय वर्षं अकरा, हिला फिट येतात. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दोन वर्षं ती ठणठणीत होती. आईवडील खंडाळ्याला एका बंगल्याची देखभाल करतात, म्हणून पोर शाळेसाठी आजीकडे असते. दर महिन्याच्या एक तारखेला भामाबाई गोळ्या न्यायला यायच्या. या महिन्यात आठ तारीख झाली तरी आल्या नाहीत. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, गोळ्या बंद केल्या. अबोल महाराज म्हणले, पाच रविवार यायचं आन् त्यात औषध घ्यायचं न्हाई."

"जे महाराज बोलतच नाहीत, ते म्हणाले कसं?"

"सेवकाच्या तोंडून म्हणले की!"

मानसीच्या वर्गशिक्षिका प्रेरणा मॅडम माझ्यासोबत आल्या होत्या. शिकवण्याखेरीज त्या एकांकिका लिहितात, बसवतात. त्यांच्या नाटकांना प्रकाशयोजना मी करतो, तेवढीच आमची ओळख. गोळ्यांबद्दल बोलायला गेल्या, तेव्हा भामाबाईंनी त्यांना अडवून सांगितलं होतं, "मॅडम, एकडाव येऊन बगा. मंग बोला."

म्हणून आम्ही बघत होतो.

पडद्यामागे घंटा वाजली. सगळे हात जोडून ताठ झाले. काहीच झालं नाही. पाच मिनिटांनी दुसरी घंटा. मग पडदा सावकाश सरकला, आणि महाराज दिसले ते पाठमोरे! त्यांचं तोंड दिसावं म्हणून सहाशे माना एकदम उंचावल्या.

सेवकाने तांब्याच्या ताटात नारळ ठेवला. "यातलं संकट महाराज जाळणार!" महाराज वळले, नारळावर हात धरला. डोळे मिटले. मिनिट गेलं, दोन गेली. नारळ ढिम्म. महाराजांनी खिन्नपणे मान हलवली. मांडवात कुजबुज पसरली. सेवकाने तो नारळ बाजूला ठेवून दुसरा आणला. महाराजांनी त्याच्या शेंडीवर चमचाभर तीर्थ सोडलं, आणि तेवढ्यात डावीकडच्या खांबाजवळ, खुर्चीतून एक जण ताडकन उठला.

"सगळं थोतांड हाय! माजी बायको वाचली न्हाई याच्याकडं येऊन! उठा समदे!"

सेवक धावले. महाराजांनी नुसता तळहात वर केला. त्या माणसाचा आवाज चिरकला, पाय लटपटले, तो गुडघ्यावर बसला. आणि त्याच क्षणी नारळातून धूर निघाला, भडका उडाला! आग लावायला काडी नाही, लायटर नाही. बाया हुंदके देऊ लागल्या. तो माणूस रडत जाऊन महाराजांच्या पायांवर पडला. भामाबाईंनी मानसीचं डोकं जमिनीला टेकवलं.

माझ्याही अंगावर काटा आला होता.

बाहेर आल्यावर मॅडम भामाबाईंशी अर्धा तास भांडल्या. उपयोग शून्य. मानसीच्या वडिलांना, निवृत्तीला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, आईम्होरं आमचं काय चालत न्हाई."

बुधवारी मानसीला शाळेत फिट आली. बाकावरून पडली, कपाळाला खोक पडली. मॅडमनी तिला तळेगावच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळी आजपासून सुरू झालीच पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. भामाबाईंनी ऐकून घेतलं आणि घरी गेल्यावर मॅडमना सांगितलं, "महाराज आदीच म्हणले व्हते, पयल्यांदा तरास वाढंल. औषधाचं इख भाईर पडतंय."

दुसऱ्या रविवारी मॅडम पुन्हा मांडवात गेल्या, वही आणि घड्याळ घेऊन. परत आल्या त्या थेट माझ्या दुकानात. बसायला स्टूल दिलं तर बसल्या नाहीत. काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत राहिल्या.

"निलेश, सगळं तेच. उशीर तोच, घंटा त्याच, पहिला नारळ फसला तोही तसाच. खांबाजवळची खुर्ची सेवकांनी आधीपासून अडवून ठेवली होती. आज तिथे दुसरा माणूस होता. शब्द मात्र तेच, 'सगळं थोतांड हाय'. आणि गंमत सांगू? हे सगळं ठाऊक असूनही मला आज पुन्हा भीती वाटली."

"का?"

"कारण ते चांगलं लिहिलंय! मी तरी दुसरं काय करते? मुख्य पात्राला लवकर आणायचं नाही. आणलं तरी चेहरा दाखवायचा नाही. पहिला प्रयत्न फसवायचा, म्हणजे प्रेक्षकाला काळजी लागते. आणि प्रेक्षकाच्या मनातली शंका एका पात्राच्या तोंडी घालायची. तो उठून ओरडला की आपल्याला ओरडावं लागत नाही. तो हरला की आपली शंकाही हरते." त्या थांबल्या. "फरक एवढाच, की माझा प्रेक्षक नाटक बघायला येतो. त्याला ठाऊक असतं. यांना कुणी सांगितलेलंच नाही."

"पण नारळ पेटतो तो?"

"ते तुम्ही सांगा. तीर्थ सोडल्यावर लगेच पेटत नाही. मी मोजलं. साधारण अर्धं मिनिट. तेवढ्यात तो माणूस ओरडून घेतो."

अर्धं मिनिट म्हणताच माझी ट्यूब पेटली. मी मागच्या फळीवरून दोन बाटल्या काढल्या. एकीत विहिरीत टाकायची पोटॅशियम परमँगनेटची जांभळी पूड. दुसरीत ग्लिसरीन, ओठ फुटले की लोक नेतात ते. दुकानामागच्या फरशीवर नारळाच्या शेंडीत पूड भरली, वर चमचाभर ग्लिसरीन सोडलं. काही झालं नाही. मग धूर आला. मग भडका. मॅडम घड्याळ बघत होत्या.

"एकतीस सेकंद," त्या म्हणाल्या. "म्हणजे आरडाओरडा हा त्या एकतीस सेकंदांचा भराव. लेखक हुशार आहे."

तिसऱ्या रविवारी मॅडमनी दोन पानांचा एक कागद भामाबाईंच्या हाती दिला. "मावशी, यात आज काय घडणार ते लिहिलंय. मानसी वाचून दाखवेल. चुकलं तर मी पुन्हा तुमच्या दारात गोळ्यांचं नाव काढणार नाही."

"तुमी काय भविष्य सांगाया लागल्या व्हय?" भामाबाई चिडल्या, पण कागद ठेवून घेतला.

मांडव तसाच खच्चून भरला होता. सेवक गरजला, "मागच्या रविवारी भक्त तीन तास बसले आणि तसेच परत गेले!" मागच्या रविवारी चमत्कार बघून गेलेल्या कितीतरी बाया तिथे बसल्या होत्या, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

मानसीने कागद उघडला. आजीला कमी ऐकू येतं म्हणून ती जोरात वाचू लागली. "आता घंटा वाजेल. पडदा उघडणार नाही."

घंटा वाजली. पडदा उघडला नाही.

शेजारच्या बाईने वळून बघितलं. "पुढं काय लिवलंय गं?"

"दुसऱ्या घंटेनंतर महाराज पाठमोरे दिसतील."

दिसले. आता पुढच्या दोन रांगा स्टेजकडे पाठ करून मानसीकडे बघत होत्या. "पोरी, मोठ्यानं वाच!" कुणीतरी म्हणालं. मॅडमनी तिला हळू वाचायची खूण केली, कारण एवढा बभ्रा आम्हाला नको होता. पण पोर आता उभी राहिली होती. कपाळावरची पट्टी अजून सुटली नव्हती.

"पहिला नारळ पेटणार नाही. महाराज मान हलवतील."

महाराजांनी मान हलवली. मांडवात कुणीतरी फिसकन हसलं.

"तीर्थ घातल्यावर खांबाजवळच्या खुर्चीतले काका उठतील आणि म्हणतील, सगळं थोतांड हाय."

स्टेजवर दुसऱ्या नारळावर तीर्थ पडलं, आणि सहाशे माणसांनी खांबाकडे पाहिलं. खुर्चीतला माणूस अर्धा उठला होता. तो तसाच अवघडून राहिला. तोंड उघडं, शब्द नाही. मग खाली बसला. ओरडायला कुणी नसल्यामुळे ते अर्धं मिनिट भलतंच लांबलं. महाराज नारळाकडे बघत होते, नारळ महाराजांकडे.

मी पिशवीतून माझा नारळ काढून मधल्या मोकळ्या जागेत ठेवला आणि शेंडीत भरलेल्या पुडीवर चमचाभर ग्लिसरीन सोडलं. "पूड माझ्या दुकानातली, ग्लिसरीनही माझ्या दुकानातलं," मी ओरडलो. "मी ना साधू, ना संत. आकडे मोजा!"

आधी पोरांनी मोजायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी. पंधरावर असताना स्टेजवरचा नारळ पेटला, कुणी बघितलंही नाही. अठ्ठावीसला माझा पेटला. मी वरून पाण्याची बाटली ओतली.

तेव्हा अबोल महाराज पहिल्यांदा बोलले. "पडदा! अरे, पडदा ओढ!"

हशा फुटला. सगळे हसले असं मात्र नाही. दोघातिघांनी माझी कॉलर धरली, एका म्हातारीने मॅडमना शाप दिले. आम्ही कसेबसे बाहेर पडलो आणि पोलीस चौकीवर जाऊन जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. महाराजांची गाडी तोवर एक्स्प्रेस वेला लागली होती. शोध चालू आहे.

भामाबाई चौकीबाहेर बाकावर बसून होत्या. आम्ही बाहेर आलो तशा उठल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, माज्या डोळ्यांतनं पानी आलतं त्या दिशी. ते बी खोटं व्हतं का?"

"नाही मावशी. पाणी खरं होतं. नारळ खोटा होता."

त्याच दुपारी डॉक्टरांना विचारून मानसीच्या गोळ्या सुरू झाल्या. लगेच सगळं सुरळीत झालं नाही. पुढच्या आठवड्यात तिला आणखी एक फिट आली, आणि भामाबाई रात्रंदिवस तिच्या उशाशी बसल्या. त्यानंतर आजतागायत आलेली नाही.

वाचकहो, नाटकाला जरूर जा. घाबरा, रडा, टाळ्या वाजवा. लिहिणाऱ्याने त्यासाठीच मेहनत घेतलेली असते. पण जिथे हे नाटक आहे असं कुणी सांगत नाही, तिथे उठून विचारा. हाच नारळ का? मी आणलेला चालेल का? पुन्हा करून दाखवाल का? आणि डॉक्टरांचं औषध बंद करा असं जो सांगेल, त्याच्यासमोर तर गप्प बसूच नका. विचारताना आवाज कापला तरी चालेल. आमचाही कापला होता.